जावयाची कळ आणि सासऱ्यांचा रिपोर्ट

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. गेल्या उन्हाळ्यात एसटीचे एक 42 वर्षांचे चालक भिंतीचा आधार घेत तपासणीला आले. सोबत सत्तरी ओलांडलेले सासरे होते आणि दोघांकडेही एमआरआयची पाकिटे होती.

चालकांना उताणे झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता उचलला, तेव्हा तो निम्म्यावर जाण्याआधीच कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पावलापर्यंत गेली. वर ताणून धरलेला उजव्या पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या दाबाला दाद देत नव्हता, डावा मात्र सहज खाली गेला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी नस दाबत असावी, हा अंदाज फिल्मने खरा ठरवला. कमरेतील बहुतेक सरकलेल्या गाद्या शेवटच्या दोन जागांतच सापडतात. हा त्रास तिशी ते पन्नाशीत सर्वाधिक होतो, कारण या वयात गादीचे बाहेरचे कडे चिरू लागते आणि आतला गर बाहेर पडण्याइतका ओलसर असतो. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे. वाढलेले वजन, धूम्रपान आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो.

सासऱ्यांच्या रिपोर्टात तर तीन ठिकाणी गादी फुगलेली होती. त्या धास्तीने त्यांनी वैरणीचा भारा उचलणे सोडले होते आणि उन्हाळ्यातही कमरेचा पट्टा काढत नव्हते. दोन्ही पाय मात्र विनासायास वर गेले, ताकद शाबूत होती आणि पायात कळ कधीच आलेली नव्हती. पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढून 1994 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांची किमान एक गादी फुगलेली आढळली होती, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढतच जाते. "बाबा, फोटोत दिसते ते तुमच्या नसेला त्रास देत नाही. पट्टा काढा आणि झेपेल तसे रानात जा," असे मी त्यांना सांगितले. रिपोर्ट हाती देताना एवढे समजावून सांगण्यास कोणालाही वेळ मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चालकांना शस्त्रक्रियेची घाई नव्हती. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीरच हळूहळू शोषून घेते आणि बहुतेकांची कळ काही आठवड्यांत उतरते. गोळ्या, थोडे थोडे चालणे आणि फिजिओथेरपी सुरू केली. लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. अंगठ्याची ताकद परत येईपर्यंत गाडी चालवायची नाही असे ठरले, आणि आगारासाठी हलक्या कामाचा दाखला मी तिथेच लिहून दिला.