हात पोचतो म्हणून

लिव्हरला कोणी स्क्रब लावत नाही. किडनी आज जरा खडबडीत लागतेय म्हणून तिला कोणी नखाने टोकरून बघत नाही, कारण तिथे हात पोचतच नाही. त्वचेचं नशीब नेमकं उलटं. मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर पसरलेला हा अवयव आणि जवळजवळ अख्खा बोटांच्या टप्प्यात (पाठीचा मधला भाग सोडून, आणि खाज बरोब्बर तिथेच सुटते). त्यामुळे बाकी अवयवांसाठी आपण डॉक्टरकडे जातो आणि इथे स्वतःच डॉक्टर होऊन बसतो.

गंमत म्हणजे आपण जे घासतो, चोळतो, आरशात तासन्‌तास न्याहाळतो ते मेलेलं असतं. सगळ्यात वरचा थर म्हणजे केराटिनने (नखं-केस ज्या प्रथिनाचे बनतात त्याने) भरलेल्या मृत पेशी आणि त्यांच्यामधे चरबी, विटा आणि सिमेंटची भिंतच म्हणा ना. तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर वर सरकतात, वर येईपर्यंत मरतात आणि कोणाला न कळता गळून जातात, या सगळ्या प्रवासाला साधारण महिनाभर लागतो. म्हणजे जाहिरातीतली बाई ज्या डेड स्किनच्या नावाने एवढी घाबरवते ती आपली आपण जातच असते, आणि जाईपर्यंत आतलं पाणी आत नि बाहेरचे जंतू बाहेर ठेवायचं काम तीच करते. पापणीवर तर खालच्या जिवंत पेशी धरूनही हा बाहेरचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाच जाड, तरी लोक तिथेही रगडून मेकअप काढतात!

साबणाचंही तेच. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच ५ च्या आसपास, आणि नेहमीच्या साबणवडीचा ९-१०, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी (७ च्या खाली आम्ल, वर अल्क). दिवसातून चार वेळा खसाखसा तोंड धुतल्यावर चेहरा जो ताणल्यासारखा वाटतो ना, त्याला आपण स्वच्छ म्हणतो, प्रत्यक्षात भिंतीतलं सिमेंट धुवून काढलेलं असतं. मग पिंपल्सवाली मुलं अजून जोरात धुतात. पिंपल हा काही मळ नाही, केसाच्या छिद्रात तेल आणि मृत पेशी अडकतात, आत जंतू वाढतात आणि सूज येते, बाहेरून कितीही घासलं तरी आत फरक पडत नाही. फोडला तर कधीकधी तो बाहेर न फुटता आतल्या आत फुटतो, आणि मग एक आठवड्याचा पाहुणा डाग होऊन कायमचा मुक्कामाला राहतो.

पण लुडबुडीची खरी राजधानी म्हणजे खाज. १६६० मधे सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन डॉक्टरने खाजेची व्याख्या केली, की जी नकोशी जाणीव खाजवायची इच्छा निर्माण करते ती खाज. साडेतीनशे वर्षं होऊन गेली, व्याख्या अजून चालते, कारण खरंच दुसरं काय सांगणार. नखाने खाजवलं की थोडंसं दुखतं, ते दुखणं मज्जारज्जूतच खाजेचा निरोप दाबून टाकतं आणि अहाहा वाटतं. पण त्याच नखाने भिंत खरवडली जाते, सूज वाढते, पुन्हा खाज, पुन्हा नख. वर्षानुवर्षं असं चाललं तर तिथली कातडी जाड, काळपट होऊन जाते. इसब असणाऱ्यांची तर भिंत मुळातच कच्ची, त्यातल्या बऱ्याच जणांमधे फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जीनमधे दोष असतो, हे २००६ मधे कळलं. म्हणून त्यांना डॉक्टर आधी मॉइश्चरायझर सांगतात आणि पेशंटचा चेहरा पडतो, की एवढी फी घेऊन हेच सांगितलं?

आणि मग नायटा. माझ्या मते एकट्या नायट्याने घरगुती डॉक्टरकीचा पुरता पर्दाफाश केलाय. ही बुरशी, गोल चकंदळ उठतं, कडेला लाल, मधे जरा साफ. कोणीतरी कुठलीतरी ट्यूब देतं, त्यात स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत लाली गेली खाज गेली, माणूस खूश. स्टेरॉइडने दाबली ती सूज, बुरशीला तर उलट मोकळं रान मिळालं कारण तिच्याशी लढणारी यंत्रणाच झोपवली. ट्यूब बंद की दुप्पट जोमाने परत, पुन्हा ट्यूब, असं करता करता तो असा पसरतो आणि रूप बदलतो की डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. खरजेचा घोळ वेगळा. तिचा किडा पहिल्यांदा शिरला की खाज सुटायला चार-सहा आठवडे लागू शकतात, तोपर्यंत तो घरातल्या इतरांकडे पोचलेला असतो, आणि औषध मात्र लावतो एकटा खाजवणारा. सगळ्यांनी एकदम लावायचं असतं, पण "मला कुठे काय होतंय" म्हणणारा एक जण घरोघरी असतोच.

सोरायसिस आणि कोडावर तर अख्खं गाव इलाज सांगतं. सोरायसिसमधे महिन्याभराचा तो प्रवास काही दिवसांत उरकला जातो म्हणून खवले साचतात, कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशी मारते. दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत, तरी लोक हात मिळवायला कचरतात. रंगाचंच बोलायचं तर गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या अंगावर या पेशी जवळपास सारख्याच संख्येने असतात, फरक त्या बनवतात त्या मेलॅनिनच्या कणांत, आणि तेवढ्या कणांवरून एवढा धंदा चाललाय.

(तिळाचा आकार किंवा रंग बदलायला लागला तर मात्र हे सगळं विसरून सरळ डॉक्टरकडे जा.)

लुडबुडीत सगळ्यांवर ताण केली ती जॉन डिलिंजर या अमेरिकन दरोडेखोराने. पोलिसांना ओळख पटू नये म्हणून त्याने १९३४ मधे बोटांच्या टोकांवर ॲसिड टाकून ठसे जाळून घेतले. पण ठशांचा साचा आईच्या पोटातच ठरतो आणि तो वरच्या थराच्या तळाशी असतो, वरवर जाळलं तरी तीच नक्षी पुन्हा उगवते. त्याच वर्षी जुलैमधे तो मारला गेला, ठसे घेतले, आणि एवढं सोसूनही ते त्याचेच निघाले.