दोघांत एक दुर्बीण

माझ्या शाळासोबत्याने चोरबाजारातून आणलेली एक जुनी पितळी दुर्बीण मला भेट दिली. नळीत नळी बसवलेली ही वस्तू मिटल्यावर वीतभरही भरत नाही आणि उघडली की जवळपास हातभर होते. बाहेरच्या नळीवर ‘डोलंड, लंडन’ असे कोरलेले आहे. जॉन डोलंड यांनी १७५८ साली दोन प्रकारच्या काचा जोडून केलेल्या भिंगाचे पेटंट मिळवले आणि त्या भिंगामुळे वस्तूच्या कडेला दिसणारी रंगीत झालर बरीच कमी झाली. अर्थात, नाव काय, कोणीही कोरते. रुडकीला जुन्या धाटणीच्या पितळी दुर्बिणी आजही नव्याने घडवल्या जातात. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे मान्य असूनही मी गच्चीवर जाऊन समोरच्या पांढऱ्या टॉवरची कड न्याहाळलीच. जांभळी रेघ अगदी पुसट होती. यावरून वय ठरत नाही, पण भिंग चांगले आहे एवढे नक्की.

तिचा खरा कस लागतो तो ऐरोलीला, ओहोटीच्या वेळी, खाडीच्या चिखलात रोहित पक्षी चरत असताना. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ साली मांडलेल्या दुर्बिणीच्या रचनेत चित्र उलटे दिसते, आणि ही दुर्बीण त्याच रचनेची. ते सुलट करण्यासाठी या नळीत आणखी भिंगे घातलेली आहेत, आणि ती नसती तर डोके खाली करून चिखल गाळणाऱ्या रोहिताचे डोके तेवढे सुलट दिसले असते!

अडचण वेगळीच आहे. दुर्बीण एकाच डोळ्याची आणि बघणारे आम्ही दोघे. मित्राला लांबचे दिसत नाही, मला जवळचे. चष्मा काढून बघायचे म्हटले की त्याला नळी आत ढकलावी लागते, मला बाहेर ओढावी लागते. “अरे, त्या खुंटाच्या डावीकडे बघ,” असे तो सांगतो, आणि माझी नळी जागेवर येईपर्यंत पक्षी खुंटाच्या उजवीकडे गेलेला असतो. मग न पाहिलेल्या पक्ष्याचे वर्णन मी त्याच्याकडूनच ऐकतो, आणि ते तो जरा वाढवूनच करतो, असा माझा संशय आहे. शेवटी त्याने सुईने आतल्या नळीवर दोन बारीक रेघा ओढल्या, एक त्याची, एक माझी. जुन्या वस्तूंच्या जाणकारांना हे पाहवणार नाही. पण दुर्बीण आम्हाला विकायची कुठे आहे?