समुद्र शेजारी आहे, हे मलाही दिसतं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसं तुम्ही दर मे महिन्यात विचारता. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची पातळी उतरली, पाणीकपातीचा कागद गेटवर लागला की लिफ्टमध्ये, सोसायटीच्या सभेत, भाजीवाल्यापाशी तोच प्रश्न : "मॅडम, तुम्ही तर आरओवाल्या. दाराशी खाडी, पलीकडे समुद्र. तेच पाणी गोड करून का देत नाही?" माझं काम आरओचं, म्हणजे दाब देऊन खारं पाणी एका पातळ पडद्यातून ढकलून गोडं करण्याचं. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटते. आज नीट सांगते.

आधी तुमच्या बाजूनं बोलते. तो पडदा, म्हणजे मेंब्रेन, ही आता अडचण राहिलेली नाही. १९६० च्या सुमारास लोएब आणि सौरिराजन यांनी कॅलिफोर्नियात कामाचं पहिलं मेंब्रेन बनवलं. त्यातले सौरिराजन भारतात जन्मलेले. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅडॉट यांनी पॉलिअमाइड या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा थर आणला. आजही जगभर मुख्यतः तोच वापरतात. जाडी साधारण १०० ते २०० नॅनोमीटर. ती गाळणी नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पाणी त्या थरात विरघळून पलीकडे जातं आणि मीठ जवळजवळ सगळं मागे राहतं. इतकी वर्षं झाली, पण टाकीत पडणारी पहिली गोडी धार पाहिली की मला आजही आनंद होतो. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० पासून आणि नेम्मेलीला २०१३ पासून रोज दहा-दहा कोटी लिटर पाणी देऊ शकतील असे प्रकल्प उभे आहेत. तेव्हा "हे आपल्याकडे जमणार नाही" असं मी म्हणत नाही. कधीच म्हटलेलं नाही.

पण वीज लागते. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. त्यांचा ऑस्मोटिक दाबच, म्हणजे पाण्याला खाऱ्या बाजूकडे ओढणारा दाब, २७ बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब), म्हणून पंप ५५ ते ७० बारवर चालवावा लागतो. अर्धं पाणी गोडं काढायचं तर हजार लिटरला एक युनिटाहून थोडी जास्त वीज निसर्गनियमानंच लागणार, मेंब्रेन कितीही सुधारलं तरी. रिजेक्टमधला, म्हणजे मागे उरलेल्या खाऱ्या पाण्यातला, दाब परत मिळवणारी यंत्रं लावूनही प्रत्यक्षातले चांगले प्रकल्प तीन ते चार युनिटांवर आहेत. दिवसाला पाचशे लिटर वापरणाऱ्या घरामागे महिन्याला पन्नासेक युनिटं झाली, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवण्याआधीच. हे परवडेल की नाही ते तुम्ही ठरवा. मी समुद्राच्या पाण्याचा आग्रह धरत नाही, त्याचं कारण ते नाही.

कारण वेगळं आहे. इथल्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात खाडीचं पाणी घेणारा छोटा प्रकल्प होता. नाव सांगणार नाही. पाणी आत घेणाऱ्या इंटेकच्या पाइपात शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून क्लोरीन सोडायचं, आणि मेंब्रेनपर्यंत पोचण्याआधी एसएमबीएसचा (सोडियम मेटाबायसल्फाइटचा) डोस देऊन ते मारायचं, कारण पॉलिअमाइडला क्लोरीन सोसत नाही. ०.१ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक दशांश भाग, ही शेवटची मर्यादा. डोस चुकला की पाण्यात उरलेल्या क्लोरीनचा अंदाज देणारा ओआरपी मीटर चढतो आणि मोठा पंप आपोआप बंद होतो. भरती-ओहोटीबरोबर खाडीचं पाणी बदलतं, त्यामुळे मीटर वरचेवर चढायचा, प्लांट ट्रिप व्हायचा, उत्पादन अडायचं. वरून निरोप आला : इंटरलॉक, म्हणजे पंप आपोआप बंद करणारी ती सोय, बायपास करा. मी लेखी नकार दिला. मी रजेवर असताना बायपास झाला, आणि त्यानंतर कुठल्या तरी रात्री डोसिंग पंपात हवा अडकली, एसएमबीएस थांबलं आणि क्लोरीन थेट मेंब्रेनपर्यंत पोचलं.

परत आले तर सगळे खूश. पाणी वाढलं होतं! शिफ्टचा फ्लो मी तिथे कधी पाहिला नव्हता इतका. तो आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. दाब तोच, तापमान तेच आणि पाणी जास्त, म्हणजे थर खाल्ला जातोय. कंडक्टिव्हिटी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या क्षारांचं माप, रोज थोडी चढत होती, पण अजून मर्यादेत होती, म्हणून कोणाला काही वाटत नव्हतं. प्लांट थांबवा म्हटलं. उत्तर मिळालं, एवढं छान चाललंय, तुम्हाला काय खुपतं? थांबवेपर्यंत मीठ सरळ पलीकडे जायला लागलं होतं. व्हेसलमधलं, म्हणजे दाबाच्या नळकांड्यातलं, पहिलं गुंडाळलेलं मेंब्रेन बाहेर काढलं, फायबरचं कवच कापलं, पानं जमिनीवर उलगडली आणि रंग ओतून धुतला. शाबूत थरावरून रंग निघून जातो. इथे कडेपासून कडेपर्यंत गुलाबी. दुसरं कापलं, तेही तसंच. मी तिथेच खाली बसले.

माझ्याबरोबर दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला एक ऑपरेटर होता. त्यानं विचारलं, "मॅडम, हे नळाचं पाणी असतं तर?" कारखान्यानं दुसरीकडून पाणी घेऊन निभावलं. शहरानं काय करायचं?

थोड्या वेळानं त्यानंच पुढचं विचारलं. "आणि ते खारट आपण सोडतो कुठं?" त्याच्या घरची होडी याच खाडीत. अर्धं पाणी गोडं काढलं की उरलेलं दुप्पट खारं होतं. खुल्या समुद्रात, खोल पाण्यात, फवारे लावून सोडलं तर मिसळून जातं. ठाण्याची खाडी वरच्या टोकाला अरुंद आणि उथळ, गाळानं भरलेली. २०२२ पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. तिच्यात ते सोडायचं नाही, एवढ्यापुरती माझी खात्री आहे.

म्हणून मी सभेत सांडपाण्याचं बोलते. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या लिटरात साधारण ग्रॅमभरही क्षार नसतात, त्यामुळे तेच मेंब्रेन निम्म्याहून कमी विजेत चालतं. कोपरखैरणे आणि ऐरोलीत असं पाणी आणखी शुद्ध करून कारखान्यांना देण्याची सोय केलेली आहे. सिंगापूर तर २००३ पासून त्यातला थोडा भाग पिण्याच्या साठ्यात मिसळतं. इथे मी हे काढलं की चेहरे वाकडे होतात आणि पुन्हा समुद्राचा विषय निघतो. तेव्हा मात्र मला राग येतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली मी यातलं काही ऐकून घेतलं नसतं. समुद्र असताना तहानलेलं राहणं ही लाज आहे, असं मी तेव्हा कोणालाही ऐकवायची. तिचा एक मुद्दा मला आजही खोडता येत नाही : पाऊसच दगा देऊन गेला तर धरणही रिकामं आणि सांडपाणीही कमी, समुद्र तेवढा आटत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव कोरडे पडले, तेव्हा ते दोन प्रकल्प पाणी देत होते. यावर मी तिला काय सांगू? घोडबंदरला राहणारी माझी नणंद तर म्हणते, समुद्राचं द्या नाहीतर सांडपाण्याचं, पण नळातून द्या, टँकरवाल्याचे पैसे आम्ही किती वर्षं मोजायचे? तिलाही माझ्याकडे या उन्हाळ्यापुरतं उत्तर नाही.

मुंबई पालिकेनं जाहीर केलेला मनोरीचा प्रकल्प उभा राहिला तर मी तिथे काम मागायला जाईन. पण आधी दोन गोष्टी विचारीन. ओआरपीचा इंटरलॉक बायपास करायचा अधिकार कोणाकडे आहे, आणि रिजेक्टचा पाइप समुद्रात किती आतपर्यंत जातो.