नाताळच्या आधीचं विरजण

आल्याची बिअर करणं सोपं. ती पंचवीस तारखेलाच फसफसायला लावणं कठीण. २५ डिसेंबरपासून मागे मोजत यावं: २३च्या रात्री बाटल्या फ्रीजमध्ये, २०ला भरायच्या, म्हणजे विरजण (दह्याचं नव्हे, आलं-साखर-पाण्याचं आंबवण) १४ला. पण हा काठावरचा हिशेब झाला. मुंबईत डिसेंबरमध्ये इडलीचं पीठसुद्धा रात्रभरात फुगायला कुरकुरतं, मग विरजणाने का धावावं? १०लाच लावलेलं बरं. आधी तयार झालं तर फ्रीजमध्ये थांबतं. वापरायच्या आदल्या दिवशी बाहेर काढून चमचाभर साखर दिली की झालं. भरलेली बाटली मात्र बाहेर थांबत नाही. सवड ठेवायची ती विरजणात.

विरजणासाठी काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन मोठे चमचे किसलेलं आलं, तितकीच साखर, तोंडाला फडकं. रोज एकेक चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. आल्याची साल काढू नये, यीस्ट तिच्यावरच असतं. माती धुतली की पुरे. नळाचं पाणी थेट घातलं तर त्यातलं क्लोरीन यीस्टला भोवतं, म्हणून उकळून गार केलेलं घ्यावं. चौथ्या-पाचव्या दिवशी ढवळताना फेस सळसळतो. वर काळी-हिरवी बुरशी दिसली तर सगळं ओतून द्यावं, वरवर काढून भागत नाही.

दोन लिटरसाठी १५० ग्रॅम आलं ठेचून लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साखरेबरोबर पंधरा मिनिटं उकळावं. गाळून, गार पाणी घालून दोन लिटर करावं आणि दोन लिंबं पिळावीत. नवं आलं रसाळ असतं, पण तिखटपणाला कमी. जून, रेषाळ आलं घ्यावं. गाळलेलं विरजण अर्धा कप, तेही पाणी हाताला कोमटसुद्धा लागेनासं झाल्यावरच. घाईत गरम पाण्यात ओतलं की यीस्ट मरतं, आणि नाताळला पाहुण्यांपुढे आल्याचं सरबत येतं.

बाटल्या सोड्याच्या, प्लास्टिकच्या. काचेची बाटली आतला दाब दाखवत नाही, थेट फुटते. वर दोन बोटं जागा सोडावी. पहिल्या दिवशी बाटली अंगठ्याने दबते. तिसऱ्या दिवशी दगडासारखी लागली की लगेच फ्रीजमध्ये. (मे महिन्यात हे एका दिवसात होतं.) नेवऱ्या, केक आणि मटणाने फ्रीज भरायच्या आत तिथली जागा अडवून ठेवावी. बाहेर जितकी राहील तितकी गोडी उतरते आणि थोडा असलेला मद्यांश वाढतो. पोरांना देताना हे ध्यानात असू द्यावं.

गार पाण्यात वायू जास्त विरघळतो, म्हणून किमान एक रात्र फ्रीजमध्ये हवीच. उघडताना बाटली सिंकवर धरावी, झाकण पाव फेरा फिरवून सुस्कारा संपेपर्यंत थांबावं, मग पुढचा पाव. तळाचा गढूळ साका पेल्यात येऊ देऊ नये.