जेवणासोबतची कॅप्सूल

ऐरोली, रविवार

बद्धकोष्ठतेसह असणाऱ्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमवर (आतड्याचे काम बिघडून पोट वारंवार दुखण्याच्या विकारावर), म्हणजे ज्याला डॉक्टर बोलताना नुसते ‘आयबीएस-सी’ म्हणतात त्यावर, मला ल्युबिप्रोस्टोन सुरू झाले असून सुरुवातीचे दिवस तरी सुरळीत गेले आहेत. गुण किती येतो हे कळायला अजून अवकाश आहे. मात्र हे औषध घ्यायचे कसे, याविषयी जे समजले ते आजच टिपून ठेवते, कारण औषधाचे नाव घरात सर्वांच्या तोंडी बसते आणि ते घेण्याची रीत मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी बराच वेळ प्रश्नच विचारले. पोट साफ होत नाही एवढ्यावर हे निदान होत नाही. पोटात दुखते का, ते दुखणे शौचाला जाऊन आल्यावर बदलते का, आणि हे किती महिने चालले आहे, यावर त्यांचा भर होता. मलाच्या प्रकारांची एक ते सात क्रमांकांची चित्रे असलेला ब्रिस्टल तक्ता समोर ठेवून त्यांनी माझा क्रमांक विचारला. पहिले चित्र सुट्या, कडक लेंड्यांचे असते, आणि अशा गोष्टीवर बोट ठेवताना संकोच वाटतो हे खरे. पण बोट ठेवले की पुढचे बोलणे सोपे होते. शौचातून रक्त, कारणाविना घटलेले वजन, रक्तक्षय, दुखण्याने रात्री झोपमोड, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असते तर आधी तपासण्या झाल्या असत्या. शेवटी त्यांनी मी घेत असलेली सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगितली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन, कॅल्शियम, इसबगोल आणि सासूबाईंनी आग्रहाने दिलेले चूर्ण. चूर्णाच्या डबीवरील घटकांत सोनामुखी निघाली. तीही रेचकच असल्याने दोन्ही एकदम नकोत, असे त्यांनी सांगितले. कॅल्शियमने काहींचे पोट आवळते, म्हणून त्या गोळीभोवती त्यांनी प्रश्नचिन्ह काढले. इसबगोल चालू ठेवायचे, मात्र भरपूर पाण्यासोबत आणि बाकीच्या औषधांपासून दोन तास दूर.

धाकटी बहीण न्यू जर्सीत असते आणि तिलाही हाच त्रास आहे. तिने फोनवर मोठ्या मायेने सांगितले, “ताई, सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी घे आणि निदान अर्धा तास चहासुद्धा नको.” तिचे म्हणणे चुकीचे नव्हते, फक्त ते तिच्या औषधाविषयी होते. तिला लिनाक्लोटाइड दिलेले आहे. अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळालेले हे औषध या विकारासाठी 290 मायक्रोग्रामच्या मात्रेत दिवसातून एकदा, पहिल्या खाण्याच्या किमान 30 मिनिटे आधी घ्यायचे असते. भरपेट, तूपतेलाच्या न्याहारीसोबत घेतले तर शौच अधिक पातळ होते. माझे औषध याच्या नेमके उलट. ल्युबिप्रोस्टोनची 8 मायक्रोग्रामची कॅप्सूल दिवसातून दोनदा, जेवणखाणासोबत आणि पाण्याबरोबर घ्यायची, कारण रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळण्याची शक्यता वाढते. दोन्ही औषधे आतड्यात पाणी आणवून मल मऊ करतात, तरी त्यांचे मार्ग वेगळे आहेत. तिचे औषध आतड्याच्या आतील अस्तरावरील एका ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटते. माझे तिथल्याच क्लोराइडच्या, म्हणजे मिठातल्या एका घटकाच्या, वाटा उघडते आणि क्लोराइडमागून पाणी येते. दुखणे एक असले तरी बहिणीचे वेळापत्रक मला उसने घेता येणार नाही. मी तसे सांगितल्यावर तिने आपल्या बाटलीवरची सूचना मला वाचून दाखवली. तिला कॅप्सूल मूळ बाटलीतच, आतली ओलावा शोषणारी पुडी न काढता, ठेवायची असते.

औषधाच्या दुकानात खरी परीक्षा झाली. काउंटरवरच्या मुलाने जी पट्टी पुढे केली तिच्यावर 24 लिहिलेले होते आणि माझ्या चिठ्ठीवर 8. दोन्हींवर नाव तेच आणि डबीचा रंगही जवळपास तोच. मोबाइलच्या उजेडात पट्टी तिरकी धरल्यावर आकडा दिसला. ‘‘मॅडम, हीच जास्त जाते,’’ असे त्याने वर सांगितले. जात असेलही, कारण नुसत्या जुनाट बद्धकोष्ठतेत 24 मायक्रोग्रामच देतात; पण ती माझ्या मात्रेच्या तिप्पट आहे. 8 ची पट्टी दुसऱ्या दिवशी मागवून घेतली. कॅप्सूल कापून किंवा चावून मात्रा जुळवण्याचा मार्ग इथे नाही, ती अख्खीच गिळायची असते. मायक्रोग्राम म्हणजे मिलिग्रामचा हजारावा भाग, हेही या निमित्ताने घरातल्या सर्वांना सांगून ठेवले.

सुरुवात शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणासोबत केली, आणि तीही डॉक्टरांना विचारून. एक कारण लोकलचे. ऐरोली ते ठाणे अंतर फार नाही, पण लोकलला शौचालय नसते आणि या औषधाने जुलाब होऊ शकतात. शनिवार-रविवार घरी असणे बरे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. काहींना पहिल्या मात्रेनंतर तासाभरात छाती आवळल्यासारखी वाटते किंवा श्वास अपुरा पडतो. बहुधा काही तासांत ते निवते, तरी त्या वेळी घरात कोणी जागे असावे आणि त्रास झाला तर डॉक्टरांना लगेच कळवावे. मला तसे काही झाले नाही, थोडे मळमळले तेवढेच. तिसरी सूचना माझ्यापुरती, रक्तदाबाच्या गोळीमुळे. जुलाब किंवा उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले तर रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, म्हणून अंथरुणातून सावकाश उठायचे, आणि जुलाब जोराचे झाले तर ही कॅप्सूल थांबवून फोन करायचा. टेल्मिसार्टनचे काय करायचे हे मात्र त्यांनीच ठरवायचे, मी नाही.

पोटात कळ आली की कार्यालयातल्या मैत्रिणी पर्समधून डायसायक्लोमीनची गोळी काढून देतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण ती गोळी आतड्याची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता वाढवू शकते. मी नको म्हणते आणि कारणही सांगते.

संकष्टीचा प्रश्न आधीच विचारून घेतला. चंद्रोदयापर्यंत उपवास असेल तर सकाळची कॅप्सूल कशासोबत घ्यायची? डॉक्टर हसले आणि म्हणाले, फराळ हे खाणेच आहे. साबुदाण्याच्या खिचडीने माझे पोट दोन दिवस जड राहते, तेव्हा मी राजगिरा आणि पपई यांवर भागवणार आहे. (सासूबाईंच्या मते पपई खाल्ली की औषधच नको. त्या वादात मी पडत नाही.) एखादी मात्रा चुकली तर ती सोडून द्यायची आणि पुढची ठरल्या वेळी घ्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. पावसाळी दमटपणात मऊ आवरणाच्या कॅप्सूल शेगडीवरच्या फडताळात ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून डबी कपाटात हलवली आहे.

शेजारच्या काकूंनी काल पट्टीचा फोटो मागितला. त्यांच्याकडे कोणे एके काळची चिठ्ठी आहे आणि तीवर टेगासेरोड लिहिले आहे. याच विकारावर दिले जाणारे ते औषध हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेने अमेरिकेत 2007 मध्ये विक्रीतून काढले गेले आणि भारतात 2011 मध्ये त्यावर बंदी आली. जुनी चिठ्ठी जपून ठेवली म्हणजे ती लागू राहते असे नाही, हे काकूंना पटले. मात्र माझी पट्टी का नको, हे पटवायला चहाचे दोन कप लागले. त्यांना पूर्वी आतड्याला अडथळा होऊन दवाखान्यात ठेवले होते, आणि आतड्यात अडथळा असेल तर हे औषध मुळीच घ्यायचे नसते. शेवटी त्यांनीच डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला.

पुढच्या भेटीसाठी दोन प्रश्न काढून ठेवले आहेत. कॅल्शियमच्या गोळीचे काय करायचे, आणि पोट नियमित होऊ लागले तर ही कॅप्सूल किती महिने चालू ठेवायची. तोवर रोजच्या शौचाचा क्रमांक आणि दुखणे यांची नोंद याच वहीच्या मागच्या पानांवर करते आहे, म्हणजे ‘बरे वाटते’ एवढेच मोघम उत्तर द्यावे लागणार नाही.