घाटातली जकात कोणाची?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, कोथरूडमधल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही सहा जण खेळायला बसलो होतो. हा रोलप्लेइंग खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकजण गेम मास्टर होऊन जग उभे करतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात वावरतात आणि पुढे काय घडते ते संभाषणातून व वीस बाजूंच्या फाशावर ठरते. आमच्या गटात गेम मास्टर मी आहे. त्या रविवारी सगळ्यांची पात्रे मिठाच्या तांड्याबरोबर घाट चढत होती आणि घाटमाथ्यावरच्या चौकीत मी त्यांच्याकडून जकात मागितली. पात्रांपैकी एक तलवारबाज आहे आणि ती खेळणारी आमची मैत्रीण व्यवसायाने हिशेबतपासनीस आहे. तिने पैसे देण्याआधी विचारले, "हे पैसे नेमके कोणाच्या नावावर जमा होतात?"

माझ्या नकाशावर तेव्हा पाच देश होते. प्रत्येकाला वेगळा रंग, वेगळे निशाण, एक राजा आणि एक स्वभाव होता. कुठले लोक शूर, कुठले व्यापारी, कुठले धर्मपरायण, असे मी वहीत लिहून ठेवले होते. परंतु चौकीवरच्या शिपायाने घेतलेल्या नाण्यातला किती हिस्सा राजधानीला पोहोचतो, वाटेत तो कोणाकोणाच्या हातातून जातो आणि कोणी तो अडवून धरू शकतो, याचा मी विचारच केला नव्हता. त्या दिवशी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावली, पण खेळ संपल्यावर वही उघडली तेव्हा मला स्पष्ट दिसले की ज्या देशांना मी देश म्हणत होते त्यांच्यात राजकारण घडायला जागाच नव्हती, कारण एका नाण्यावर दोघांचा दावा असल्याशिवाय भांडण होत नाही आणि भांडणच नसेल तर तहही होत नाही.

पुढच्याच महिन्यात आम्ही नाणेघाटात गेलो. जुन्नरच्या बाजूने पठारावरून चालत गेले की रस्ता अचानक कातळाच्या एका चिंचोळ्या खिंडीत शिरतो आणि खिंडीच्या पलीकडे, ढग बाजूला झाले तर, खाली कोकण पसरलेले दिसते. खिंडीजवळच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. त्यात राणी नागनिकेच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दक्षिणेची आकड्यांसह नोंद आहे. खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे आणि घाटातून जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकत असत असे परंपरेने सांगितले जाते. मी त्या रांजणाच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. आतमध्ये पावसाचे पाणी साचले होते आणि त्यात वाळलेल्या गवताची दोन-चार पाती तरंगत होती. खालची बंदरे आणि वरची बाजारपेठ यांच्यामध्ये डोंगराची अख्खी रांग असताना ज्याच्या हाती ही एवढी अरुंद वाट आहे, त्याला सैन्य थोडे असले तरी चालते, हे तिथे उभे राहिल्यावर पुस्तकापेक्षा लवकर समजते.

घरी आल्यावर मी नकाशावरचे रंग पुसून टाकले. आधी डोंगर काढले, मग डोंगरातल्या वाटा, मग वाटांवरून काय वर जाते आणि काय खाली उतरते ते लिहिले. पठारावरच्या माळवट राज्याला मीठ लागते आणि ते खालच्या सप्तबंदराच्या मिठागरांतून येते. सप्तबंदराला जहाजांसाठी सागवान लागते आणि ते घाटातल्या देवरहाळाच्या रानात आहे. तिथले लोक ते रान देवाचे मानतात आणि त्यातली वाळलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. आपल्याकडच्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. मीठ आणि सागवान या दोनच वस्तू एकाच घाटातून उलटसुलट जाऊ लागल्या आणि त्या घाटाला, म्हणजे रातघाटाला, पहिल्यांदा खरे राजकारण मिळाले.

हिश्शांची रचना मात्र मी सरळ आपल्या इतिहासातून घेतली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, हे आपण शाळेत वाचतो. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या वसुलातला चौथा हिस्सा चौथाई म्हणून आणि दहावा हिस्सा सरदेशमुखी म्हणून, एवढे लक्षातही राहते. पण त्याहून मोलाची गोष्ट पुढच्या वाटणीत आहे. चौथाईतले शेकडा २५ राजबाबती म्हणून छत्रपतींकडे, ६ साहोत्रा म्हणून पंत सचिवांकडे, ३ नाडगौडा म्हणून आणि उरलेले ६६ मोकासा म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदारांकडे जात. शिवाय हे हक्क निरनिराळ्या परगण्यांत असे विखुरलेले असत की एकाच गावच्या वसुलावर अनेकांची नजर राही. एका बाजूने पाहिले तर यामुळे कोणा एका सरदाराला सलग मुलूख धरून स्वतंत्र होणे अवघड गेले, आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर प्रत्येकाला दुसऱ्याचा हिशेब तपासण्याचे कायमचे कारण मिळाले. जग रचणाऱ्याला याहून उत्तम साहित्य कुठे मिळणार? नकाशावरची सीमारेषा कोणीतरी ओलांडेपर्यंत निपचित पडून असते, हिश्शाची वाटणी मात्र दर हंगामात जागी होते.

म्हणून आता रातघाटात मिठावर जमणाऱ्या १०० नाण्यांपैकी २५ माळवटच्या गादीकडे, १० दिवाणाच्या घराण्याकडे, ५ घाटाच्या जुन्या वतनदाराकडे आणि ६० चौकी राखणाऱ्या किल्लेदाराकडे जातात. सागवानाच्या जकातीवर मात्र किल्लेदाराचा हक्क नाही; ती सप्तबंदराने एका जुन्या कराराने विकत घेतली आहे. एवढ्यावरून किल्लेदाराचे मन कोणीही वाचू शकेल. मिठाचा तांडा लुटला गेला तर तो रात्री घोडा काढील, लाकडाच्या गाड्या अडवल्या गेल्या तर तो सकाळपर्यंत झोपून राहील, आणि देवरहाळाचे लोक बंड करून लाकूडतोड बंद पाडू पाहतील तेव्हा त्यांना गुपचूप धान्य कोण पुरवील हेही ओळखता येईल. तो दुष्ट आहे की सज्जन, हे मला वहीत लिहावे लागले नाही.

याच कारणाने अख्ख्या जमातीला एकच स्वभाव चिकटवण्याची पद्धत मी सोडून दिली. काल्पनिक जगांत ती फार रुळलेली आहे: वनवासी तेवढे गूढ, डोंगरी तेवढे हट्टी, वाळवंटातले तेवढे क्रूर. ती आळशी तर आहेच, पण मला ती अन्यायाचीही वाटते, कारण जन्मावरून माणसाची वृत्ती ठरवण्याची सवय आपण खेळातही लावून घेऊ नये. देवरहाळात आता रान विकू पाहणारे तरुण आहेत आणि सप्तबंदरात रान वाचवू पाहणारी एक म्हातारी जहाजमालकीण आहे.

सत्ता कोणाची आणि मान कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायलाही मी इथूनच शिकले. पेशव्यांचा कारभार पुण्यातून चाले, पण पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाल्यानंतर बारभाईंनी ज्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला, तो तेव्हा जन्मलाही नव्हता. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याहून वस्त्रे आली. शनिवारवाड्यासमोरून मी रोज बसने जाते आणि तो दरवाजा दिसला की अनेकदा हाच विचार मनात येतो: एवढी फौज, एवढा खजिना, एवढे मुत्सद्दी हाताशी असूनही त्या वस्त्रांवाचून काम भागत नव्हते. माझ्या जगात म्हणूनच कांचनतळ्याची एक जुनी गादी आहे. तिच्याकडे ना सैन्य ना मुलूख, पण माळवटचा प्रत्येक राजा तिथून शेला आल्याशिवाय शिक्का वापरू शकत नाही. पात्रांनी एकदा तो शेला वाटेत अडवून धरला आणि तीन रविवार दुसरे काही खेळलोच नाही.

इथे एक पथ्य मात्र मी कसोशीने पाळते. इतिहासातली माणसे मी उचलत नाही. ज्या व्यक्तींविषयी आपल्या मनात एवढा आदर आहे त्यांना नाव बदलून खेळात आणले, तर खेळणारे पात्राकडे पाहणेच विसरतात आणि तुलना सुरू होते. घ्यायची ती रचना. १६६५ च्या पुरंदरच्या तहाचेच पाहा. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यायचा, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख स्वतःकडे ठेवायचा, हा भाग सर्वांना पाठ असतो. पण त्याच बोलण्यांत, विजापूरच्या ताब्यातला कोकणातला आणि बालाघाटातला मुलूख मिळाल्यास त्याबदल्यात ४० लाख होन वर्षाला एक अशा तेरा हप्त्यांत देण्याचीही गोष्ट होती. म्हणजे दोघे मिळून जो मुलूख ठरवत होते तो तिसऱ्याचा होता आणि तो अजून जिंकायचाही होता. काय दिले, काय राखले, तिसऱ्याचे काय ठरवले आणि हप्ते किती, या चार गोष्टी ज्यात असतील असाच तह मी आता लिहिते, आणि त्यातल्या तिसऱ्या गोष्टीतून हमखास पुढचे वर्षभर पुरेल एवढा खेळ निघतो.

भाषा, पंचांग, देवदेवता यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही; लागेल तसे त्या त्या वेळी ठरवते. सैन्याच्या संख्याही मोजत बसत नाही. फौजेला धान्य कोण पोहोचवते एवढे मात्र ठरवते, कारण दख्खनच्या लढायांत बंजारांचे बैलांचे तांडे नसते तर भल्या भल्या छावण्या उपाशी उठल्या असत्या.

एवढे राजकारण खेळणाऱ्यांना कंटाळवाणे होईल, अशी भीती मला पुष्कळांनी घातली. या खेळाचा उगम पाहिला तर ती भीती निराधार ठरते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातले एक काल्पनिक प्रशियन गाव घेऊन लढाईचा खेळ मांडला आणि सेनापतींखेरीज इतर खेळाडूंना त्या गावचा महापौर, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका दिल्या. लढाई बाजूला राहिली आणि सगळे एकमेकांशी कारस्थाने करण्यात गुंतले. त्याच मंडळींत डेव्ह आर्नेसन होते, आणि त्यांनी व गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला. भुयारे आणि राक्षस येण्याआधीच या खेळात महापौर आणि सावकार होते.

गेल्या महिन्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रातघाटाचा मूळ करारनामा पात्रांच्या हाती लागणार होता. जुनी दफ्तरे कापडी रुमालांत बांधून ठेवतात, तसा मी तो हातकागदावर लिहून आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि टेबलावर ठेवला. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी पुढे कोणी काही घुसडू नये म्हणून 'लेखनसीमा' असा शिक्का उठवत, तसा मीही शाईने उठवला होता. पाच जणांनी तो कागद आळीपाळीने वाचला. चौघे आकड्यांवर बोलत राहिले. हिशेबतपासनीस मैत्रीण मात्र गप्प होती. तिने कागद दिव्याजवळ धरला, शिक्क्याखालच्या एका ओळीवर नख ठेवले आणि म्हणाली, "ही ओळ लेखनसीमेच्या खाली आहे."

ती ओळ सागवानाची जकात सप्तबंदराला देणारी होती. ज्या कराराच्या जोरावर दोन वर्षे लाकूड खाली उतरत होते, त्याच्यात तो हक्क मागाहून घातलेला निघाला. टेबलाभोवती काही क्षण कोणीच बोलले नाही. मग सगळे एकदम बोलू लागले, कारण हे उघड करायचे तर देवरहाळाचे रान वाचते, पण ज्या म्हाताऱ्या जहाजमालकिणीने पात्रांना वर्षभर आसरा दिला तिचा कारखाना बुडतो. शिवाय उजवीकडच्या कोपऱ्यातला शिक्का कांचनतळ्याचा आहे, म्हणजे तिथल्या कोणाच्या तरी संमतीवाचून ही ओळ उमटली नसती. रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला आणि काहीच ठरले नाही. तो कागद सध्या मैत्रिणीने स्वतःच्या घरी नेला आहे. येत्या रविवारी माळवटचा दिवाण हप्ता न्यायला रातघाटात येणार आहे, आणि ती कागद बरोबर आणते की घरी ठेवते, यावर माझी पुढची सगळी तयारी अडून राहिली आहे.