आज नारिंगी सुया उगवल्या

गोव्यात ताळगावच्या पठारावर दिवसभर पाऊस. सेंद्रिय-धातू रसायनात, म्हणजे धातू-कार्बन बंध असलेल्या संयुगांच्या कामात, हा ऋतू वैरीच, कारण यातली कितीतरी संयुगं जराशा ओलाव्यानेही मोडतात. सकाळी सोडियम आणि बेंझोफिनोनवर टीएचएफ (आमचं द्रावक) उकळायला ठेवलं. ते पूर्ण कोरडं झाल्याची खूण असलेला गडद निळा रंग दिसायला दुपार झाली. त्यानंतर हवेतला ओलावा टाळायला सगळं काम नायट्रोजनखाली.

संध्याकाळी विद्यार्थिनीने संप्लवन केलं, म्हणजे घन पदार्थाची थेट वाफ केली, आणि थंड काचेवर फेरोसीनच्या नारिंगी सुया उगवल्या. कार्बनच्या दोन पाचकोनी कड्यांमध्ये लोखंडाचा एक अणू! १९५१ साली हे संयुग जगापुढे आलं आणि धातू-कार्बन बंधाची समजच बदलली. १९७३ चं नोबेल फिशर आणि विल्किन्सन यांना मिळालं ते अशाच संयुगांवरच्या कामासाठी. एकवीस वर्षं हेच करतेय, तरी त्या सुया बघताना आजही श्वास अडकतो.

मला मात्र सर्वांत जास्त आदर वाटतो तो रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नरबद्दल. १८९३ मध्ये क्ष-किरणांनी रचना पाहण्याची सोय नव्हती. समघटक (सूत्र एकच, रचना वेगळी अशी संयुगं) मोजून, द्रावणांची विद्युतवाहकता तपासून त्याने कोबाल्टभोवतीचा अष्टफलक, म्हणजे सहा टोकांची आठ पृष्ठांची रचना, मांडला. केवढी ही नजर!

विद्यार्थिनीने फोटो घरी पेडण्याला पाठवला. आईचं लगेच उत्तर : "केशर गो हें?"